पेन्सिलीच्या आधी हात
(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीस साहेबांनी मला निमंत्रण दिले त्या पत्रात विषय ‘बालवाडीतील शिक्षण’ असा लिहिला होता. पत्राबरोबर त्यांनी एक तोंडी निरोपही पाठवला होता, आणि खरा विषय त्या निरोपात होता. आपल्या शिशुवर्गाबद्दल काही पालकांची तक्रार आहे की, मुले तेथे वर्षभर नुसती खेळतात; शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गातील त्याच वयाची मुले मात्र वह्याच्या वह्या भरून घरी आणतात. तेव्हा पुढील जूनपासून आपल्याकडेही तीन-चार वर्षांच्या मुलांना बाके, वह्या, गृहपाठ आणि सहामाही परीक्षा सुरू करावी, असा ठराव कार्यकारी मंडळापुढे आलेला आहे. त्यावर निर्णय होण्यापूर्वी मी पालकांशी चार शब्द बोलावे, अशी चिटणीस साहेबांची इच्छा. माझे मत मी सुरुवातीलाच सांगून टाकते. हा ठराव मंजूर होऊ नये असे मला वाटते. का वाटते, एवढे सांगण्यापुरतीच मी येथे उभी आहे.

तक्रार करणाऱ्या पालकांना मी मुळीच दोष देत नाही. आपल्या खाडीपट्ट्यातील कितीतरी घरांतून कर्ता पुरुष कुवेत, मस्कत, दोहा येथे राबतो आहे. तो रात्री मोबाईलवर आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलीला पाहतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “बेटा, आज शाळेत काय शिकलीस? म्हणून दाखव.” मुलीने ए बी सी डी म्हणून दाखवली की त्याच्या दिवसभराच्या कष्टाचे चीज होते. वहीत पानभर ‘अ’ काढलेले असले तर आई ते पान कॅमेऱ्यापुढे धरते. वाळूत घालवलेला एक तास असा पुढे धरता येत नाही. त्यातून आपल्यापैकी पुष्कळांना स्वतःला शाळा अर्धवट सोडावी लागली. आपले मूल मागे पडू नये, ही त्यांची भीती पुस्तकी नाही, सोसलेल्या अनुभवातली आहे. तेव्हा ‘तुम्हाला काही समजत नाही’ असे त्यांना सांगून भागणार नाही. मूल त्या वाळूत काय करीत होते, ते त्यांना दाखवले पाहिजे.

प्रथम आपण मुलाचा हात पाहू या. मनगटात आठ लहान लहान हाडे असतात. मूल जन्मते तेव्हा ही आठही हाडे कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. पुढे ती एकेक करून कठीण होत जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यात जेमतेम तीन-चार हाडांच्या खुणा दिसतात, आणि शेवटचे हाड तयार होण्यास आठवे ते बारावे वर्ष उजाडते. हाताचे स्नायूही असेच टप्प्याटप्प्याने ताब्यात येतात. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटांची टोके. म्हणूनच तीन वर्षांचे मूल पेन्सिल मुठीत धरते आणि सगळा दंड हलवून रेघ ओढते. त्याच्या बोटांना आपण जबरदस्तीने मोठ्या माणसासारखी पकड घ्यायला लावली, तर ते पेन्सिल इतकी आवळून धरते की बोटे पांढरी पडतात. दोन ओळींत ते कंटाळते. मग आपण म्हणतो, याला लिहायचा आळस आहे.

अशा हाताला काय हवे असते? त्याला दाबायला, पिळायला, ओतायला, उचलायला, लावायला, उघडायला हवे असते. पिठाचा गोळा मळताना तळहात आणि अंगठा बळकट होतात. चिंचोके एकेक करून वाटीत टाकताना अंगठा व तर्जनी यांची चिमटी तयार होते, आणि पुढे पेन्सिल धरायची ती याच चिमटीत. सदऱ्याचे बटण लावताना दोन्ही हात वेगवेगळे काम एकाच वेळी करायला शिकतात. ओले फडके पिळताना मनगट वळते. ‘ळ’ आणि ‘क्ष’ यांची वळणे हेच मनगट उद्या काढणार असते. आपल्या शिशुवर्गातील ताई मुलांना हे सारे करायला देतात. लेखनाची तयारी तेथे रोज चालू असते, फक्त ती वहीत दिसत नाही.

आपल्याकडे बिस्मिल्लाखानीची जुनी चाल आहे. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याला नवे कपडे घालून, वडीलधाऱ्या मंडळींपुढे बसवून पहिला अक्षरपाठ द्यायचा. हा रिवाज आहे, धर्माचा हुकूम नव्हे. पण मला त्यात आपल्या आजी-आजोबांचा एक व्यवहारी हिशेब दिसतो. अक्षराला हात घालण्यापूर्वी चार वर्षे मुलाने घरात, अंगणात, माणसांत काढावीत, असे त्यांनी धरून ठेवले होते. आज आपण अडीच वर्षांच्या मुलाला पाटी देतो आणि बिस्मिल्लाखानीला केक कापतो!

आता एक अडचण खास आपल्या घरांची आहे, तिचा विचार बाहेरच्या शिक्षणतज्ज्ञांनी लिहिलेल्या पुस्तकांतून सहसा आढळत नाही. आपले मूल घरात कोकणी बोली ऐकते, काही घरांत उर्दू. बाजारात व शाळेत मराठी. मकतबमध्ये अरबीचा कायदा. शिवाय सर्वांना इंग्रजी तर हवेच. कानाला याचा त्रास नाही. लहान मूल तीन-चार भाषा नुसत्या ऐकून उचलते, कोणाशी कोणती बोलायची हेही त्याला न शिकवता समजते. नानीशी एक, ताईंशी दुसरी. या बाबतीत आपली मुले एकभाषी घरातील मुलांपेक्षा श्रीमंतच म्हणायची. पण लिपीची गोष्ट निराळी आहे. सकाळी मकतबमध्ये ओळ उजवीकडून डावीकडे जाते, आणि अक्षर जागा बदलले की रूप बदलते. दहा वाजता शाळेत ओळ डावीकडून उजवीकडे जाते, डोक्यावर शिरोरेघ येते. इंग्रजीत शिरोरेघ नाही, पण एकाच अक्षराची मोठी आणि लहान अशी दोन रूपे. सहा-सात वर्षांचे मूल हे सर्व सहज पेलते. आपल्यापैकी कितीतरी जण याच वाटेने आले. परंतु तीन वर्षांच्या मुलाला आपला डावा हात कोणता आणि उजवा कोणता हेच अजून पक्के ठाऊक नसते. त्याच्या हाती एकाच दिवशी तीन लिप्या दिल्या, तर ते उलटसुलट अक्षरे काढते, मार खाते, आणि ‘आपल्याला काही येत नाही’ एवढा एक धडा मात्र पक्का शिकते. म्हणून मौलवी साहेबांनाही माझी अदबीने विनंती आहे, की या वयात पाठांतर कानावरून खुशाल चालू द्यावे, मुले ते आनंदाने करतात. लिहिण्याची घाई तेवढी नको.

लेखनाप्रमाणेच गणिताचेही आहे. चार वर्षांची मुलगी शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते, म्हणून आई मोठ्या कौतुकाने तिला पाहुण्यांपुढे उभी करते. तिला म्हणावे, त्या टोपलीतून सात चिंचोके आणून दे. पुष्कळदा ती मूठभर आणते. शंभर हे तिच्यासाठी एक गाणे आहे. सातपण अजून हाताला लागलेले नाही, आणि ते लागते वस्तू मोजून, वाटून, रांगेत मांडून. घरात पाच माणसे जेवायला बसणार आहेत, तर पाच ताटल्या मांड, असे तिला सांगितले की सातपणाची, पाचपणाची ओळख होऊ लागते.

स्वित्झर्लंडचे झां पियाजे हे मानसशास्त्रज्ञ १८९६ साली जन्मले आणि १९८० साली वारले. मुले विचार कसा करतात याचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला. त्यांचा एक साधा प्रयोग आपण येत्या रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी घरी करून पाहावा. दोन सारख्या पेल्यांत सरबत सारखे भरा. चार वर्षांच्या मुलाला विचारा, दोन्हींत सारखे आहे ना? ते हो म्हणेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले सरबत उंच, निमुळत्या पेल्यात ओता आणि पुन्हा विचारा. बहुतेक मुले म्हणतील, उंच पेल्यात जास्त आहे. समजावून सांगा, रागवा, काही उपयोग होत नाही. सहा-सात वर्षांच्या सुमारास तेच मूल हसून म्हणेल, “ओतलं म्हणून वाढतं का कुठे?” मधल्या दोन-तीन वर्षांत हे त्याला कोणी शिकवलेले नसते. तांब्यातून वाटीत, वाटीतून बाटलीत, बाटलीतून पुन्हा तांब्यात असे त्याने शेकडो वेळा ओतलेले असते, सांडलेले असते, पुसलेले असते. आपल्या शिशुवर्गात पाण्याची घंगाळी ठेवलेली असतात, त्यावर एका पालकांनी ‘कपडे भिजवायची शाळा’ असा शेरा मारल्याचे मी ऐकले. शेरा गमतीदार आहे. पण त्या घंगाळ्याशेजारी एक दिवस अर्धा तास बसून पाहावे, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.

हे आजचे नवे फॅड आहे, असेही कोणी म्हणतात. शतकाहून जुनी गोष्ट सांगते. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले. ते कसे निघाले, तेही ऐकण्यासारखे आहे. वस्तीतील चाळींची दुरुस्ती झाली होती. आई-बाप कामावर गेले की लहान मुले जिन्यांवर व भिंतींवर नासधूस करीत, म्हणून मालकांनी मुलांना एका खोलीत बसवण्याची सोय केली! मुलांना अक्षरे शिकवण्याचा माँटेसरीबाईंचा विचार नव्हता. त्या मुलांना बटणे लावायला, हात धुवायला, ठोकळे रचायला देत. काही दिवसांनी वस्तीतल्या आयाच त्यांच्याकडे आल्या. त्या बहुतेक निरक्षर होत्या. त्या म्हणू लागल्या, आमच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवा. म्हणजे जी मागणी आज आपण करीत आहोत, तीच. माँटेसरीबाईंनी ती झिडकारली नाही. त्यांनी खरकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मुलांना त्यांवरून बोट फिरवायला दिले. बोट फिरवता फिरवता अक्षराचा आवाज उच्चारायचा. वही नाही, गिरवणे नाही. आणि मग एके दिवशी गच्चीवर खडूने धुराड्याचे चित्र काढणाऱ्या एका पाच वर्षांच्या मुलाला अचानक उमगले की, आपल्याला लिहिता येते. तो ओरडतच सुटला. इतर मुले धावून आली, खडू मागू लागली, आणि जमिनीवर, दारांवर लिहीत सुटली. त्यांचे हात आधीच तयार होते. वाचन त्यांना त्यानंतर आले.

माँटेसरीबाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे येथेच अडकल्या; मद्रासजवळ अड्यार येथे व पुढे कोडाईकनाल येथे त्यांनी आपल्या शिक्षकांना शिकवले. पण त्याही आधी त्यांचे विचार आपल्याकडे पोहोचले होते. भावनगरचे गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे या शोधात त्यांनी माँटेसरीबाईंची पुस्तके वाचली, वकिली सोडली, आणि १९२० साली बालमंदिर काढले. लोक त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणत. (लहान मुलांचा वर्ग ही बायकांनीच सांभाळायची गोष्ट, असे समजणाऱ्या आपल्या तरुण विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.) १९२३ साली त्यांना येऊन मिळाल्या त्या आपल्या ताराबाई मोडक.

ताराबाईंविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. कारण ‘हे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्या संस्थेला परवडणार नाहीत’ हा जो आक्षेप आहे, त्याला त्यांच्या आयुष्यानेच उत्तर दिले आहे. मुंबईत दादरला शिशुविहार काढून त्या स्वस्थ बसू शकल्या असत्या. पण माँटेसरीची लाकडी साधने महाग होती आणि ती शहरातील सुखवस्तू मुलांपुरतीच राहत होती, हे त्यांना सलत होते. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्याबरोबर गेल्या अनुताई वाघ. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या, पुढे हिकमतीने शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण ज्यांच्यासाठी काढली ती हरिजनवाड्यातील मुले येईनात. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले, कोणाच्या अंगावर कपडा नाही, कोणाची आई मजुरीला गेलेली. ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ असा अहवाल लिहून मोकळे होता आले असते. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वाड्यातल्या अंगणात नेली. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, काम. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथली. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली. आज देशाच्या गावोगावी अंगणवाडी आहे आणि आपल्या मोहल्ल्यातही आहे.

महाग साधनांचे त्यांनी काय केले? रंगीत लाकडी मणी नाहीत, तर बिया घेतल्या. ठोकळ्यांच्या जागी समुद्रावरचे गोटे आणि शिंपले लहान-मोठे लावायला दिले. पाने, फुले, काड्या, माती. साधन बदलले, तत्त्व बदलले नाही: मुलाच्या हाताला काम, मुलाने आपण निवडलेले, आणि चुकले तर त्याचे त्यालाच कळावे असे. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या मुलांत गेले. गुरे चारणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून तेथे कुरणातच शाळा भरवली, तिचे नाव कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. अनुताईंनी १९९२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत हे काम नेले. बोर्डीच्या किनाऱ्यावर जे शिंपले मिळाले, ते आपल्या खाडीत मिळत नाहीत काय?

दुसरे एक नाव आपल्या समाजात फारसे घेतले जात नाही, ते घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डॉ. झाकिर हुसेन साहेब देशाचे राष्ट्रपती झाले, हे शाळेतली मुलेही सांगतील. पण ते आधी मुलांचे शिक्षक होते. जामिया मिलिया इस्लामिया या संस्थेचा भार त्यांनी १९२६ साली तरुणपणी खांद्यावर घेतला, तेव्हा तिच्याजवळ पगाराला पैसे नसत. ओखल्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी १९३५ साली झाली, तेव्हा कोनशिला कोणा नवाबाच्या किंवा पुढाऱ्याच्या हस्ते बसवली गेली नाही, ती जामियातील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसवली गेली. बर्लिनमध्ये शिकत असताना झाकिर साहेबांचा परिचय गेर्डा फिलिप्सबोर्न नावाच्या ज्यू तरुणीशी झाला होता. जर्मनीत हिटलरचे राज्य आले त्या काळात ही बाई जामियात आली आणि लहान मुलांच्या वर्गात व वसतिगृहात रमली. मुले तिला ‘आपाजान’ म्हणत. जर्मन नागरिक म्हणून युद्धकाळात इंग्रज सरकारने तिला स्थानबद्धही केले. १९४३ साली ती वारली. तिची कबर जामियाच्या कब्रस्तानात आहे, आणि तेथील पाळणाघराला तिचे नाव आहे. जामियातील मुले बाग लावीत, दुकान चालवीत, हिशेब ठेवीत. आपल्या समाजाच्या संस्थेला ही रीत परकी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

मागे पडण्याच्या भीतीबद्दल आता. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचन सुरू केलेली मुले आणि सातव्या वर्षी सुरू केलेली मुले यांची तुलना झाली आहे. अकराव्या वर्षापर्यंत दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. अमेरिकेत मिशिगन राज्यातील यप्सिलांटी गावी १९६२ साली सुरू झालेला अभ्यास याहून बोलका आहे. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले. त्यांपैकी ५८ मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी चांगली बालशाळा मिळाली, ६५ मुलांना नाही. त्या शाळेत मुले आपले काम आपण ठरवीत, करीत, आणि काय केले ते सांगत. ही मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवण्यात आला. बालशाळेत गेलेल्यांत शालेय शिक्षण पुरे करणारे अधिक निघाले, त्यांची कमाई अधिक होती, पोलिसांच्या हाती लागणारे कमी होते. संख्या लहान आहे, तेव्हा यावरून जगाचा नियम काढू नये, हे मलाही समजते. मात्र त्या शाळेच्या शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईजवळ बसत असत. या गोष्टीकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. आपल्याकडे दर आठवड्याला नको, महिन्यातून एकदा तरी ताईंनी घरी यावे आणि घरच्यांनी त्यांना पाहुण्यासारखे चहा-फराळात न गुंतवता मुलाबद्दल बोलू द्यावे.

आपल्या सरकारचे २०२० सालचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ हा एकच पायाभूत टप्पा मानते आणि त्यात खेळ व कृती यांतून, शक्य तेथे घरच्या भाषेतून, शिकवावे असे म्हणते. तेव्हा बाके आणि परीक्षा आणून आपण पुढे जाणार नसून मागे जाणार आहोत.

घरी काय करावे, असे आया मला विचारतात. भाकरी थापताना मुलाला पिठाचा एक गोळा द्यावा. मुलीला आणि मुलाला, दोघांनाही. मटार सोलायला, लसूण निवडायला, धुतलेले चमचे वेगळे लावायला बोलवावे. वेळ लागतो, सांडते, हे खरे. मूल स्वतः चप्पल घालत असेल तर आपण दाराशी उभे राहून थांबावे. मी पाहते, चार वर्षांच्या मुलाला आई घास भरवते, कारण लवकर उरकते, आणि त्याच मुलाला लिहिता येत नाही म्हणून रडते. एक सावधगिरी मात्र सांगते. बारीक बिया तीन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, त्या नाकात-तोंडात जातात. आणि लाल-काळ्या गुंजा दिसायला सुंदर असल्या तरी विषारी असतात, त्या कोणत्याच मुलाला देऊ नयेत.

शाळेतून आलेल्या मुलाला ‘आज काय लिहिलंस?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय केलंस?’ असे विचारून पाहावे, आणि त्याचे उत्तर लांबले तरी ऐकून घ्यावे. परदेशातल्या वडिलांनीही हाच प्रश्न विचारावा. मुलगी कदाचित कॅमेऱ्यापुढे पाणी ओतून दाखवील.

आता संस्थेला माझी प्रत्यक्ष विनंती. बाकांसाठी जी रक्कम ठरावात धरली आहे, त्यातून शिशुवर्गाच्या ओट्यावर मुलांच्या उंचीचा एक नळ बसवावा, सुताराकडून गुडघ्याएवढ्या उंचीच्या चार फळ्यांची मांडणी करून घ्यावी, मागच्या पडवीत एक खेप धुतलेली रेती टाकावी आणि रात्री ती झाकायला ताडपत्री घ्यावी, कारण नाहीतर मांजरे तिचा भलताच उपयोग करतील. उरलेल्या पैशांतून ताईंचे मानधन वाढवावे. सबंध शाळेत सर्वांत कठीण वर्ग त्या सांभाळतात आणि सर्वांत कमी पैसे त्यांना मिळतात, ही गोष्ट आपल्याला शोभत नाही.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत करवंट्या घासून गुळगुळीत कराव्यात, शिंपल्या धुऊन वाळवाव्यात, चिंचोके पोतडीभर गोळा करावेत. खरकागदाची अक्षरेही ते करू शकतील; देवनागरीची आधी करावीत, उर्दूची नंतर. ज्यांना पुढे बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करायचा आहे, त्या मुलामुलींनी मला येऊन भेटावे.

कार्यकारी मंडळाची बैठक पुढील महिन्यात आहे. त्यापूर्वी ज्या पालकांनी ठरावाला पाठिंबा दिला आहे, त्यांनी एक दिवस सकाळी नऊ ते अकरा शिशुवर्गात येऊन भिंतीशी बसावे, मुलांना काही विचारू नये, काही सांगू नये, नुसते पाहावे. मुख्याध्यापकांनी त्यास परवानगी दिली आहे. दर मंगळवारी मीही तेथे असते. येताना जुने कपडे घालून यावे, पाणी उडते.